पगाराच्या दिवशीची दहा मिनिटं
पगार जमा झाल्याचा मेसेज आला की चहा पिता पिता आधी बचत बाजूला काढा. महिनाअखेरीला उरेल ते टाकू म्हटलं तर दमडी उरत नाही, स्वानुभव! पोस्टाची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, १०० रुपयांपासूनही सुरू होते. भाजी, रिक्षा, वडापावचे पैसे दुसऱ्या खात्यात वळते करा आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडा. भाडं नि हप्ते पगाराच्या खात्यातून जाऊ देत. हप्त्याची तारीख मात्र १ नको, ५ किंवा ७ घ्या. ऑगस्ट २०२१पासून ऑटो-डेबिट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापला जाणं, रविवारीही होतं. पगार दोन दिवस लांबला की हप्ता बाउन्स, वर दंड. विम्याचे वर्षाला १२,००० भरायचे असतील तर दरमहा १,००० आत्ताच वेगळे ठेवा.