डांगातली बुरशी, उंची आणि माझ्या वहीतल्या तारखा

बडोद्यात राहून डोंगरातल्या बुरशीवर पीएच.डी. करते म्हटलं की पाहुणे विचारतात, "इथे डोंगर कुठे?" पावागड आहे, पण तिथे माणसांची वर्दळ फार. मी दक्षिण गुजरातमधला डांग जिल्हा निवडला. खाली वघईचं सागवन आणि वर, हजार मीटरच्या आसपास, सापुतारा.

या विषयाकडे वळताय म्हणजे आयटीएस (बुरशी ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा), ओटीयू (प्रजातींऐवजी मोजायचे, सारख्या डीएनएचे गट) वगैरे तुम्हाला ठाऊक असणार. त्यात वेळ घालवत नाही. तारखांवर घालवते, कारण माझं दीड वर्ष तिथे गेलं.

पहिल्या वर्षी जुलैत पायथ्याशी माती गोळा केली. मग दर फेरीला दोनशे मीटर वर. मध्ये प्रॅक्टिकल्स, गणपती, घाटातला पाऊस. सापुताऱ्याला पोचले तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता आणि मातीचा वरचा थर सुकायला लागला होता. आलेख मात्र देखणा आला: उंची वाढली की प्रजाती कमी. त्या रात्री दांडिया बाजारातल्या घरी आईलासुद्धा लॅपटॉप उघडून दाखवला.

प्रेझेंटेशनमध्ये एका परीक्षकांनी एवढंच विचारलं, "नमुने कधी घेतलेत?" मी वहीतून तारखा वाचायला लागले आणि तिसऱ्या तारखेला माझाच आवाज बसला. उंची आणि महिना एकाच जिन्याने वर चढले होते. प्रजाती उंचीमुळे घटल्या की पाऊस सरल्यामुळे, हे त्या आकड्यांतून कुणालाच सांगता येणार नव्हतं. कुठलंही सॉफ्टवेअर ही गाठ सोडवत नाही.

आपल्याकडे हा धोका जास्त आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण 6 अंशांनी उतरतं. बोर्निओतला किनाबालू 4,095 मीटरचा आहे, तिथे पायथा आणि माथा ही दोन वेगळी जगं. डांगात पायथा ते माथा पाचेक अंशांचा फरक. जुलैची चिंब माती आणि ऑक्टोबरची माती यांतलं अंतर त्याहून मोठं ठरू शकतं.

म्हणून प्रत्येक फेरीत सगळ्या उंच्या घ्या, चारच दिवसांत. एकदा खालून वर, पुढच्या फेरीला वरून खाली. प्रत्येक उंचीवर एकमेकांपासून दूर अशा निदान तीन जागा हव्यात. एकाच सागाखालच्या दहा चमचे मातीला दहा नमुने म्हणू नका. आणि हीच चूक प्रयोगशाळेत पुन्हा होते! सोमवारी पायथ्याचा डीएनए काढला, शुक्रवारी माथ्याचा, की संपलं. डब्या मिसळा, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा.

सगळी बुरशी एका आकड्यात कोंबू नका, हेही सांगून टाकते. सागाच्या मुळांशी राहणारी वेगळी, पाचोळा कुजवणारी वेगळी. उंचीला दोघी सारख्या वागतील असं नाही. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या उतारांवर असलेल्या युंगास नावाच्या दमट वनांवर 2014 साली आलेल्या अभ्यासात उंचीनुसार वनाचा प्रकार बदलला की बुरशीचा समुदायही बदलतो, हे ठळक दिसलं. नुसत्या प्रजाती मोजून हे हाती लागत नाही.

गाइड निवडताना त्यांचे पेपर मोजू नका. ते शेवटचे जंगलात कधी गेले होते ते विचारा. माझ्या आराखड्यावर सह्या करणाऱ्यांपैकी एकानेही तारखा विचारल्या नव्हत्या. आकडेमोडीसाठी सीनियरची तयार स्क्रिप्ट (संगणकाला दिलेल्या सूचना) उचलणंही मला आवडत नाही. आधी वहीत हाताने उंची विरुद्ध तारीख असा आलेख काढा. ठिपके तिरक्या रेषेत आले तर तिथेच थांबा.

पण घाबरूही नका. दुसऱ्या पावसाळ्यात माझं सगळं काम नव्याने झालं, आणि पहिल्यापेक्षा लवकर झालं, कारण वाटा, जागा, वघईचं खोलीभाडं सगळं माहीत होतं. पहिल्या वर्षीच्या डब्या फ्रीझरमध्येच आहेत. नवीन आलेल्या मुली त्यांच्यावर डीएनए काढायला शिकतात, आणि प्रत्येकीला मी आधी झाकणावरची तारीख वाचायला लावते.