९६ पर्सेंटाइलला कुठलं कॉलेज? सोलापूरकरांसाठी कटऑफचा हिशोब

इंजिनिअरिंग प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की ‘एवढ्या पर्सेंटाइलला पुण्याचं सीओईपी लागेल का?’ हा प्रश्न सुरू होतो. नुसत्या पर्सेंटाइलवर त्याचं उत्तर निघत नाही. आधी मेरिट नंबर, म्हणजे राज्याच्या गुणवत्ता यादीतला आपला क्रमांक काढा. मेरिट लिस्ट लागेपर्यंत अंदाज असा बांधता येतो : १०० मधून पर्सेंटाइल वजा करा आणि आपल्या गटाला बसलेल्या मुलांच्या संख्येचे तेवढे टक्के काढा. पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) चार लाख मुलं बसली असं धरलं, तर ९७.५ म्हणजे साधारण १०,००० वा नंबर. प्रत्यक्षात तो थोडा वर सरकतो, म्हणजे आकडा लहान होतो, कारण सगळेच कॅपचा (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) फॉर्म भरत नाहीत.

आता ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या साइटवरून मागच्या तीन वर्षांच्या कटऑफच्या, म्हणजे प्रत्येक जागेवर शेवटचा प्रवेश कितव्या नंबरला झाला त्याच्या, पीडीएफ उतरवून घ्या. प्रत्येक चौकटीत वर मेरिट नंबर आणि खाली कंसात पर्सेंटाइल असतं. तुलना मेरिट नंबरशीच करा. बसणाऱ्यांची संख्या बदलली की त्याच पर्सेंटाइलचा नंबर बदलतो.

बहुतेकांची चूक रकाना निवडताना होते. GOPENH हा कोड घ्या : G म्हणजे सर्वसाधारण (मुलींच्या राखीव जागांना L), मधला OPEN हा प्रवर्ग आणि शेवटचा H म्हणजे होम युनिव्हर्सिटी. O असेल तर इतर विद्यापीठांची मुलं, S असेल तर राज्यस्तर. दहावी-बारावी महाराष्ट्रात झालेल्यांची होम युनिव्हर्सिटी बारावी कुठून झाली त्यावर ठरते, घरच्या पत्त्यावर नाही. सोलापुरातला मुलगा लातूरला राहून बारावी झाला, तर त्याची होम युनिव्हर्सिटी नांदेडची. मग सोलापूरच्या कॉलेजात H च्या जागा असल्या तरी त्याने बघायचा तो O चा रकाना. मुलींनी G आणि L दोन्ही बघावेत. राखीव प्रवर्गातल्यांनी आपल्या रकान्यासोबत ओपनचाही बघावा, कारण त्या जागांसाठीही त्यांचा विचार होतो.

कॉलेजचा कोडही तपासा. सांगलीचं वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग (१९४७) आणि आपलं सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (१९८३) ही दोन वेगळी कॉलेजं आहेत. घाईत एकाचा कटऑफ दुसऱ्याच्या नावावर लिहिला जातो.

तीन वर्षांची सरासरी मात्र काढू नका, कल बघा. समजा एका शाखेचा शेवटचा नंबर १४,२००, मग १२,९००, मग ११,८०० असा आला. सरासरी जवळपास १२,९६७ येते आणि १२,५०० नंबरवाल्याला वाटतं, आपण आत. पण आकडा दरवर्षी अकराशे-तेराशेने खाली येतोय. यंदा तो १०,७०० च्या आसपास धरायला हवा. म्हणजे ही जागा त्याच्यासाठी अवघडच. याउलट शाखेच्या जागा ६० च्या १२० झाल्या असतील तर कटऑफ सैल होऊ शकतो, म्हणून यंदाची प्रवेशक्षमता आधी बघा. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांवरची जागांची मर्यादा उठवल्यापासून हे जास्तच गरजेचं झालंय.

पर्याय भरताना मनापासून हवं ते वर ठेवा. वरचा पर्याय हुकला म्हणून खालच्याची संधी कमी होत नाही. उलट २०२५-२६ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की जागा आपोआप गोठत होती, म्हणजे पुढच्या फेरीत ती बदलता येत नव्हती. दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहापैकी काही लागलं तरी तेच. म्हणून ‘बघू तर खरं’ म्हणून नको असलेलं कॉलेज वर टाकू नका. पुण्याचं टाकताना होस्टेल-मेसचा खर्च घरात आधीच बोलून घ्या, रोज सोलापूर-पुणे हुतात्मा एक्स्प्रेसने ये-जा करून इंजिनिअरिंग होत नाही.

राहिली कागदपत्रं. जात वैधता प्रमाणपत्र हातात हवं आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. ते मुदतीत दिलं नाही तर ओबीसीचा अर्ज ओपनमध्ये धरला जातो आणि सगळा हिशोब त्या रकान्यावर पुन्हा मांडावा लागतो.