मे महिन्यात नाशिकची द्राक्षवाट

उन्हाळ्यात आमच्या नाशकात येणाऱ्या पाहुण्यांना मी आधीच सांगते, वेलीवर द्राक्षं दिसणार नाहीत. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये आटोपते, एप्रिलात खरड छाटणी होते. मेमध्ये दिसते ती कोवळी फूट. घोस बघायचे असतील तर फेब्रुवारीत या.

मुंबईहून पहाटे पाचला निघा. कसारा घाट उन्हं चढायच्या आत पार झाला की घोटीला महामार्ग सोडून त्र्यंबकच्या रस्त्याला लागा. लांब पडतं, पडू दे. कडेला करवंदं घेऊन बाया बसलेल्या असतात; घासाघीस न करता घ्या. बाराच्या आत मुक्काम गाठा आणि चारपर्यंत बाहेर पडू नका.

वायनरी दिवसाला एकच. गंगापूर धरणाकडे सुला आणि यॉर्क जवळजवळ आहेत, त्यामुळे दोन्ही उरकायचा मोह होतो; पण तिसऱ्या ग्लासनंतर शेनिन ब्लांक काय नि सोविन्यों ब्लांक काय, सगळं सारखंच. वय 21 पूर्ण हवं. गाडी चालवणाऱ्याने थेंबही घ्यायचा नाही. आमच्याकडे हा मान पाळीपाळीने मिळतो.

बाटल्या घेतल्यात तर डिकीत ठेवू नका, उन्हात उभ्या गाडीत वाइन अक्षरशः उकडते. थर्माकोलच्या पेटीत घालून एसीत, पायाशी ठेवा.

दुसऱ्या दिवशी दिंडोरीवरून वणीकडे वळा. सप्तशृंगी गडावर आता रुळांवरून चढणारी फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे वाइनला नाक मुरडणाऱ्या सासूबाईंनाही सहल पावते.