घरच्यांना घेऊन मोलेच्या जंगलात जायचंय? मग असं ठरवा

गोव्यात जन्म काढला पण पोरांना जंगल दाखवलं नाही अशी कितीतरी घरं माझ्या ओळखीची आहेत, आणि गेलेच तर दूधसागर बघायचा, फोटो काढायचे नि परत. धबधबा बघाच, 310 मीटरवरून पाणी पडताना बघणं ही मोठीच गोष्ट आहे, पण त्याच्या आजूबाजूला भगवान महावीर अभयारण्य पसरलंय, 240 चौरस किलोमीटरचं, आणि त्यातलेच 107 चौरस किलोमीटर म्हणजे मोले राष्ट्रीय उद्यान, गोव्यातलं एकमेव. त्याला एक अख्खा दिवस द्या.

सगळ्यात आधी महिना ठरवा, कारण धबधबा आणि प्राणी दोन्ही एकाच वेळी भरभरून मिळत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दूधसागर भरलेला असतो पण रानही दाट हिरवं, आत काही दिसत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओहोळ आटतात, पानं गळतात, जनावरं उरलेल्या पाण्याकडे येतात. मी घरच्यांना फेब्रुवारीत नेतो. पावसाळ्यात दूधसागरला नेणाऱ्या जीप बंद असतात, वर जळवा, तेव्हा नकोच. नाताळ ते नवीन वर्ष तर कुळ्याला जीपसाठी एवढी गर्दी असते की लहान मुलांचे हाल होतात.

मग घरातलं कोण कोण येणार ते बघा. जीप कुळ्याहून सुटते, एका जीपमध्ये सात जण, वाटेत ओहोळातून जाते आणि हाडं खिळखिळी होतात, शेवटी दगडांवरून थोडं चालायचंही असतं. आजीचे गुडघे दुखत असतील तर तिला यात घालू नका. आमच्या आईला आम्ही तांबडी सुर्लला नेलं, कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ, अगदी रानाच्या कुशीत, शेजारून नदी वाहते. आई नदीकाठी सावलीत बसून राहिली आणि आम्ही सगळे फिरत असताना शेकरू पहिल्यांदा तिलाच दिसलं, या फांदीवरून त्या फांदीवर लांब उडी मारणारं, तांबूस, झुबकेदार शेपटीचं! आणि अगदीच छोटं बाळ असेल तर बोंडला अभयारण्य बरं, जेमतेम 8 चौरस किलोमीटर, प्राणिसंग्रहालय आहे, फक्त गुरुवारी बंद असतं हे लक्षात ठेवा.

निघायचं पहाटे. फोंडा, उसगाव-तिस्क, धारबांदोडा करत मोलेला ऊन चढायच्या आत पोचायला हवं, कारण पक्षी आणि जनावरं सकाळच्या गारव्यातच फिरतात, दहानंतर सगळं शांत. आदल्या रात्री तिथेच राहिलात तर सोन्याहून पिवळं, मोलेला राहायची सोय आहे, पण बुकिंग आधी करा. रेल्वेच्या रुळांवरून चालत दूधसागरला जायची कल्पना कोणी काढली तर तिथेच थांबवा, त्यावर बंदी आहे आणि पोरांना घेऊन तर तो जिवाशी खेळ आहे.

पोरांना गाडीतच सांगून ठेवा की वाघ दिसणार नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण वाघाची आशा लावली की बाकी काही दिसतच नाही आणि मुलं हिरमुसतात. त्यापेक्षा त्यांना शोधायला द्या: काळं डोकं, पिवळं अंग आणि लालभडक गळा असलेला बुलबुल, हा आपल्या गोव्याचा राज्यपक्षी. धनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी उडताना पंखांचा आवाज येतो, तो ऐकायला सांगा. मगरीच्या पाठीसारखी साल असलेलं झाड कोणतं ते ओळखू दे (ते ऐन). ओल्या मातीत खूर उमटलेत का बघा. आमच्या धाकटीने वहीत नऊ गोष्टी लिहिल्या होत्या, ती वही अजून जपून ठेवलीय.

गवा मात्र दिसू शकतो. आपला राज्यप्राणी, नर हजार किलोपर्यंत भरतो, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. रस्त्यावर उभा असेल तर गाडी लांबच थांबवा, हॉर्न नको, खाली उतरू नका, सेल्फी तर अजिबात नको. तो त्याच्या वेळेने जातो. जाऊ दे.

कपडे मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, बंद बूट. दुर्बीण एक तरी हवी, मागून आणा. पाणी भरपूर, खायला भाजी-पाव, केळी, पण माकडांसमोर पिशवी उघडू नका आणि त्यांना काही घालू नका. कचरा परत घरी.

अंधार पडायच्या आत घाटाखालच्या रस्त्याला लागा. घरी पोचल्यावर आधी सगळ्यांच्या आंघोळी, कपडे गरम पाण्यात, आणि पोरांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचीड चिकटलेली नाही ना ते नीट बघा. शेजारच्या सत्तरी तालुक्यात माकडताप झालेला आहे आणि तो गोचिडीतूनच येतो, तेव्हा पुढच्या आठ-दहा दिवसांत कोणाला ताप भरला तर जंगलात जाऊन आलो हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.