दात किडवणाऱ्या एन्झाइमचं मॉडेलिंग सुरू करताय? आधी फाइलमधलं कॅल्शियम शोधा

मी मूळची डेंटिस्ट. बीडीएस झाल्यावर दोन वर्षं क्लिनिकमध्ये बसले, आणि तीन-चार वर्षांच्या पोरांचे वरचे पुढचे चार दात काळे पडून हिरडीपर्यंत मोडलेले बघून बघून (रात्री साखरेच्या दुधाची बाटली तोंडात तशीच ठेवून झोपवतात, त्याने) वाटायला लागलं की नुसतं भरत बसण्यापेक्षा हे दाताला चिकटतं कसं ते समजून घेऊया. म्हणून बायोइन्फॉर्मेटिक्सकडे, म्हणजे संगणकावर प्रोटीनचा अभ्यास करण्याकडे, वळले. आता ज्युनिअर्स विचारतात, "ताई, सुरुवात कुठून करू?" त्यांच्यासाठी हे लिहितेय.

बेसिक माहीत आहे असं धरते. १९२४ साली क्लार्कने वर्णन केलेला स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जिवाणू, तो साखरेपासून ॲसिड करतो, पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते ॲसिड दाताला धरून ठेवणारा चिकट थर बनतो त्याच्या ग्लुकोसिलट्रान्सफरेज (थोडक्यात जीटीएफ) एन्झाइममुळे. तीन आहेत: जीटीएफ-बी मुख्यतः न विरघळणारं ग्लुकन (ग्लुकोजची लांब साखळी) बनवतं, डी विरघळणारं, आणि सी दोन्ही. यातल्या जीटीएफ-सीची (दुसरं नाव जीटीएफ-एसआय) क्रिस्टल रचना २०११ मध्ये आली, पीडीबी या प्रोटीन रचनांच्या डेटाबेसमध्ये ३एआयई ही फाइल रिकामी आणि ३एआयसी ही अकार्बोज या एन्झाइम अडवणाऱ्या औषधासकट. बहुतेक जण ३एआयसीवरच काम करतात, मीही केलं.

आणि इथेच माझे आठ महिने गेले.

कुठलाही डॉकिंगचा (औषधाचा रेणू प्रोटीनच्या खोबणीत कसा बसतो ते संगणकावर बघून त्याला स्कोअर द्यायचा) व्हिडिओ लावा, पहिलं वाक्य तेच असतं: पाणी काढा, हेटॲटम (प्रोटीनचा भाग नसलेले अणू) काढा, हायड्रोजन लावा. एक कमांड, सगळं साफ. मीही केलं. त्यात अकार्बोज गेलं, ते जायलाच हवं होतं, पण त्याच्याबरोबर कॅल्शियमचा आयनही गेला आणि मला पत्ताच नाही. हा कॅल्शियम कुठेतरी कोपऱ्यात पडलेला कचरा नाहीये हो. तो ॲक्टिव्ह साइटच्या (एन्झाइमचं काम जिथे चालतं त्या खोबणीच्या) शेजारीच बसलाय, ग्लुटामेट ४३१, एस्पार्टेट ४३७, ॲस्पराजिन ४८१ या अमिनो ॲसिडांनी (आकडा म्हणजे प्रोटीनच्या साखळीतला क्रमांक) धरलेला. आता हे आकडे नीट बघा. साखर ज्या खोबणीत बसते ती करणाऱ्यांमध्ये टायरोसिन ४३० आणि तेच ॲस्पराजिन ४८१ आहे, आणि साखरेवर हल्ला करणारं एस्पार्टेट ४७७ त्याच्यापासून चार पावलांवर. म्हणजे कॅल्शियम काढलं की खोबणीची भिंतच सैल होते, आणि तुम्ही त्या सैल भिंतीवर औषध शोधत बसता.

वाईट म्हणजे डॉकिंगमध्ये हे कळतच नाही. डॉकिंगमध्ये प्रोटीन जागचं हलत नाही, स्कोअर छान येतो, चित्रही छान येतं. मी पुढे डायनॅमिक्स (सगळे अणू हलू देणारं सिम्युलेशन) लावलं तेव्हा लिगँड, म्हणजे खोबणीत बसवलेला रेणू, बाहेर भटकायला लागला. मला वाटलं रेणू वाईट, दुसरा घेतला, मग तिसरा. गाइडना विचारलं तर म्हणाले फोर्स फील्ड (अणूंमधल्या बलांची सूत्रं) बदल. त्यांनी एकदाही स्क्रीनवर रचना उघडून बघितली नव्हती. शेवटी लॅबमधल्या एका सीनिअरने माझी फाइल मागितली आणि दोन मिनिटांत विचारलं, "यातलं कॅल्शियम कुठंय?"

मी म्हटलं आहे की, सर्च केलं तर शेकड्याने सापडतंय. सापडणारच, कारण पीडीबी फाइलमध्ये अल्फा कार्बनलाही (प्रत्येक अमिनो ॲसिडमधला एक कार्बन) "सीए" लिहितात आणि कॅल्शियमलाही "सीए", फरक फक्त एका रकान्याचा, कॅल्शियमचा सी एक घर आधी सुरू होतो आणि ओळीची सुरुवात हेटॲटमने होते. फाइल हाताने एडिट करताना ते एक घर सरकलं तर काही सॉफ्टवेअर कॅल्शियमला सरळ कार्बन समजतात. हे मला कुठल्याच व्हिडिओत मिळालं नाही. शिवाय कॅल्शियम ठेवलं तरी ऑटोडॉक टूल्स (डॉकिंगसाठी फाइल तयार करणारं सॉफ्टवेअर) त्याला बऱ्याचदा शून्य चार्ज देतं, अधिक २ हाताने घालावा लागतो. व्हिना हा डॉकिंगचा प्रोग्रॅम चार्ज बघत नाही म्हणून तिथे चालून जातं, ऑटोडॉक ४ मध्ये नाही चालत.

अल्फाफोल्डच्या (एआयने वर्तवलेल्या प्रोटीन रचनांच्या) डेटाबेसमधून मॉडेल घेणाऱ्यांनो, तुमच्याकडे तर काढायलाही कॅल्शियम नाहीये. तिथे आयन नसतातच, आणि त्यांची जागा मात्र बरेचदा बरोबर वळलेली दिसते, त्यामुळे आणखी फसायला होतं.

घाबरू नका पण. माझं सगळं परत करायला तीन आठवडे लागले, आठ महिने नाही, कारण तोवर हात बसला होता. ते आठ महिने अगदीच वाया गेले असं मी म्हणणार नाही, पण तुमचे जावेत असंही मला वाटत नाही.

बाकीचं थोडक्यात. ग्लुटामेट ५१५ ॲसिड म्हणून काम करतं, त्यामुळे रिॲक्शनच्या पहिल्या पायरीचा अभ्यास करताय तर त्याच्यावर प्रोटॉन हवा, डीफॉल्टवर सोडू नका. कडुनिंब, ग्रीन टी, हळद यांतले मोठे पॉलीफिनॉल घेऊन "स्कोअर भारी आला" म्हणून लगेच पेपर लिहायला बसू नका, रेणू मोठा असला की स्कोअर फुगतोच. आधी अकार्बोज काढून परत डॉक करा, ते मूळ जागेच्या २ अँगस्ट्रॉमच्या (अणूंमधली अंतरं मोजायचं एकक) आत बसत नसेल तर पुढचं सगळं थांबवा. आणि आपल्या लाळेतल्या अमायलेजवरही (स्टार्च पचवणारं एन्झाइम, ते अडायला नको) तोच रेणू तपासा, कारण दोन्ही एन्झाइम नात्यातली आहेत आणि अकार्बोज दोघांनाही अडवतं.

गाइडबद्दल माझं मत ठाम आहे. नाव मोठं नसलं तरी चालेल, पण तुमच्या शेजारी खुर्ची ओढून रचना फिरवून बघणारा माणूस हवा. तसा गाइड नसेल तर तसा सीनिअर शोधा, चहा पाजा, फाइल दाखवा.

मी आता नवीन फाइल उतरवली की आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते, हेटॲटमच्या ओळी वेगळ्या काढते आणि वहीत एकेकीपुढे लिहिते: हे काय आहे, कोणी धरलंय, ठेवलं की काढलं. ३एआयसीमध्ये एकच एन्झाइम बऱ्याच चेनमध्ये, म्हणजे प्रतींमध्ये, परत परत आहे, म्हणून जी चेन वापरणार तिच्या ओळी तपासल्या तरी भागतं, अर्ध्या तासाचं काम आहे.