ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरू नका (नवीन ट्रक ड्रायव्हरसाठी)

नवीन पोरं नेहमी विचारतात, आता ट्रक चालवणं सोपं झालंय ना? हातापायांना सोपं झालंय, डोक्याला नाही. आणि जुनी मंडळी "खरं ड्रायव्हिंग आमच्या वेळचं" म्हणतात त्यांचं ऐकून घ्या, पण सगळं जसंच्या तसं उचलू नका, कारण त्यांचे बरेच नियम त्यांच्या गाड्यांसाठी अगदी बरोबर होते, आणि तेच आजच्या गाडीवर लावले तर गाडी घाटात हाताबाहेर जाते. त्यातल्या एका नियमाने मलाही घाम फोडला होता. तो पुढे सविस्तर सांगतो, बाकीचं भरभर उरकतो.

सुरुवातीला ट्रक म्हणजे काय होतं बघा. १८९६ मध्ये डाइमलरने पहिला मोटर ट्रक काढला, ताकद फक्त ४ हॉर्सपॉवर आणि माल दीड टन. आज ४० टनी ट्रेलरला ५०० हॉर्सपॉवरचं इंजिन असणं ही रोजची गोष्ट आहे. मधल्या काळात ड्रायव्हरचं अंग पार पिळून निघायचं. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरने १९२६ लाच पॉवर स्टिअरिंग चालवून दाखवलं होतं, तरी साध्या ट्रकपर्यंत ते यायला कित्येक वर्षं गेली, आणि तोवर उभ्या लोड गाडीचं स्टिअरिंग वळवायचं म्हणजे सीटवरून अर्धं उठून सगळं वजन टाकायचं. गिअरबॉक्स पण तसाच. क्लच, न्यूट्रल, परत क्लच, खालचा गिअर असेल तर मध्ये नेमकी रेस, आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) जुळला नाही की दातांचा असला आवाज की शेजारच्या गाडीवाल्याने मान वळवून बघावं. आता बारा गिअर कॉम्प्युटर टाकतो आणि क्लचचं पेडलच नाही.

इथे माझं एक मत, पटलं तर घ्या. शिकायचं तर आधी मॅन्युअलवर शिका. बऱ्याच देशांत ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर लायसन्सवरच तसा शिक्का बसतो आणि मॅन्युअल गाडी चालवता येत नाही, हे एक कारण. खरं कारण वेगळंय. मॅन्युअलवर शिकलेल्याला इंजिनाचा आवाज ऐकायची सवय लागते, आणि उतारावर तोच आवाज कामाला येतो. "पंधरा दिवसांत हेवी लायसन्स" वाल्यांकडे तर फिरकूच नका, ते तुम्हाला टेस्टचं मैदान शिकवतात, लोड शिकवत नाहीत.

आता मुद्द्याचं.

माझ्या वस्तादांचा नियम होता, "ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतर, काही होत नाही." त्यांनी आयुष्यभर तसंच केलं आणि त्यांना खरंच काही झालं नाही. मी नवीन, गाडी नवीन, लोड पूर्ण. चढताना इंजिनाने फार कुरकुर न करता वरच्या गिअरला चढवली, मी म्हटलं वा, आणि त्याच गिअरला उतारावर घातली. स्पीड हळूहळू वाढायला लागला, धक्का वगैरे काही नाही, काटा फक्त सरकत होता. मग पाय ब्रेकवर, जरासाच. तो जरासा पाय मग निघालाच नाही. थोड्या वेळाने ब्रेकचं लायनर (चाक धरणारं अस्तर) जळल्याचा तो आंबट वास केबिनमध्ये आला, आरशात बघतो तर ट्रेलरच्या चाकांमधून धूर. पुढे उतार थोडा सपाट झाला म्हणून गाडी कडेला घेता आली.

तर वस्ताद खोटं बोलत होते का? अजिबात नाही. त्यांच्या वेळी इंजिन अशक्त होतं, लोड घेऊन चढायचं म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला रांगत जायचं. मग त्याच गिअरला उतरलं की गाडी तितकीच रांगत उतरायची, शिवाय गाडीचा आकार चौकोनी खोक्यासारखा, टायर जड, सगळीकडे घर्षण, म्हणजे गाडी आपोआपच थोडी अडून राहायची. आता इंजिन दांडगं, केबिन वाऱ्याला कापणारी, टायर हलके फिरणारे, हे सगळं डिझेल वाचवायला केलंय आणि चांगलंच केलंय, पण गाडीला मागे धरून ठेवणारं जे काही होतं ते या नादात निघून गेलं. ताकद वाढल्यामुळे चढ वरच्या गिअरला होतो आणि त्याच कारणामुळे उतार त्या गिअरला होत नाही. चढलात त्यापेक्षा एक गिअर खाली, लोड पूर्ण असेल तर दोन खाली, आणि तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी पडलेला पाहिजे. आधी म्हणजे आधीच, कारण मध्यावर स्पीड वाढल्यावर मॅन्युअलला खालचा गिअर पडत नाही आणि तुम्ही न्यूट्रलमध्ये लटकता, ऑटोमॅटिकला कॉम्प्युटर सरळ नाही म्हणतो, कारण त्याला इंजिन वाचवायचं असतं.

हिशोब एकदा करून बघा म्हणजे डोक्यात बसेल. ४० टनी गाडी, ६ टक्के उतार म्हणजे १०० मीटरला ६ मीटर खाली, स्पीड ताशी ६० किमी. दर सेकंदाला गाडी साधारण १ मीटर खाली येते. ४० टन वजन सेकंदाला १ मीटर खाली म्हणजे जवळपास ३९० किलोवॅट, ५०० हॉर्सपॉवरच्या वर. वारा आणि टायर त्यातलं थोडं खातात, बाकी सगळं इंजिनाने नाहीतर ब्रेकने खायचंय. स्पीड ३० केला की आकडा निम्मा. म्हणून घाटात कमी स्पीड हेच औषध आहे, ब्रेक नव्हे.

एअर ब्रेकची, म्हणजे ट्रकच्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची, आणखी एक खोड सांगतो, कारण मला हे आधी कोणीच सांगितलं नव्हतं. कारमध्ये ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल मऊ पडतं, पायाला कळतं. एअर ब्रेकमध्ये पायाला तसं काही कळत नाही. चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो, लायनर बसवलेल्या शूला जास्त अंतर जावं लागतं, लायनरची पकड जाते, पण पेडल तसंच लागतं आणि हवेचा काटा आरामात वर असतो. काटा टाकीतली हवा दाखवतो, ड्रमची अवस्था दाखवत नाही. मगाशी जेवढ्या दाबाने स्पीड कमी झाला होता तेवढ्यासाठी आता जास्त दाबावं लागतंय, ही पहिली खूण. वास ही दुसरी, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो.

म्हणून पाय ठेवून उतरायचं नाही. आधी गिअर आणि इंजिन ब्रेक, तरी स्पीड तुम्ही ठरवलेल्या आकड्याला पोचला तर एकदा जोरात दाबून ताशी ८-१० किमी उतरवायचा आणि पाय पूर्ण काढायचा. परत चढला की परत तसंच.

इंजिन ब्रेकची गोष्ट पण अशाच एका घाटातून आली. १९३१ मध्ये क्लेसी कमिन्स, तेच कमिन्स इंजिनवाले, आपला डिझेल ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाले होते. कॅलिफोर्नियातल्या कहोन पासला ब्रेक तापून गेले आणि खाली रेल्वे फाटकावर मालगाडी. तिचा शेवटचा डबा सरकला आणि हे पार झाले. ते डोक्यात राहिलं, आणि पुढे त्यांनीच असा ब्रेक शोधला की पिस्टनने हवा दाबायची आणि ऐन वेळी एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडून ती सोडून द्यायची, म्हणजे इंजिन ताकद बनवण्याऐवजी खायला लागतं. १९६१ पासून जेकब्स कंपनीने तो विकायला आणला, म्हणून त्याला जेक ब्रेक म्हणतात.

आता यातली मेख. इंजिन ब्रेक जास्त आरपीएमला काम करतो. डिझेल वाचवायची ट्रेनिंग देणारे सर तुम्हाला सांगतात आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्यात ठेवा, ते सपाट रस्त्याला बरोबर आहे. उतारावर हिरव्या पट्ट्यात इंजिन ब्रेकची निम्मी ताकद पण मिळत नाही. काही गाड्यांत त्यासाठी निळा पट्टा असतो, तिथे काटा ठेवा, लाल पट्ट्यात मात्र जाऊ देऊ नका. इंजिन ओरडतंय म्हणून घाबरू नका, गिअरमध्ये अॅक्सिलेटरवरून पाय काढलेला असताना आजचं इंजिन डिझेल घेतच नाही. आणि म्हणूनच न्यूट्रल मारून उतरवणं हा जुना शॉर्टकट आता मूर्खपणा आहे, न्यूट्रलला इंजिन चालू राहायला डिझेल पितं आणि धरायला काही राहत नाही. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हलक्या उतारावर स्वतःच न्यूट्रल करतो, ते बघून "गाडी करते तर मी का नको" असं म्हणू नका, तो रस्त्याचा नकाशा बघून करतो आणि क्षणात परत गिअर टाकतो. मोठ्या उताराला मॅन्युअल मोडवर घ्या. ओल्या रस्त्यावर रिकामी गाडी असेल तर मात्र इंजिन ब्रेक हलका ठेवा, मागची चाकं घसरून ट्रेलर आडवा होतो.

एवढं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका, हे सगळं महिना-दोन महिन्यांत अंगात बसतं. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस आहे, युरोपात नोव्हेंबर २०१५ पासून नव्या जड ट्रकना समोर गाडी दिसली की आपोआप ब्रेक लावणारी सिस्टीम सक्तीची आहे. मशीन तुमच्या बाजूने आहे. ते फक्त लोडचा आणि उताराचा निर्णय तुमच्याकडे ठेवतं.

दुसरा मोठा बदल वेळेचा. पूर्वी किती तास चालवलं म्हणून वहीत काय लिहायचं ते ड्रायव्हरच्या हातात होतं. आता युरोपात २००६ पासून नव्या गाड्यांना डिजिटल टॅकोग्राफ (चालवण्याचे तास आपोआप नोंदवणारं यंत्र), साडेचार तासांनी ४५ मिनिटं विश्रांती, दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यात दोनदा १०. अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक लॉग, कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत ११ तास ड्रायव्हिंग. जुने ड्रायव्हर चिडतात, मला विचाराल तर झोप मिळाली हे चांगलंच झालं. खटकतं एवढंच की गोदामात माल उतरायची वाट बघत गेलेले तास १४ च्या घड्याळात मोजले जातात, आणि मग संध्याकाळी घाई होते ती ड्रायव्हरला. नोकरी घेताना थांबून राहिलेल्या वेळेचे पैसे मिळतात का हे पहिल्यांदा विचारा, पगार नंतर.

"ड्रायव्हरच जाणार आहेत" म्हणणाऱ्यांसाठी. २०२५ मध्ये ऑरोरा कंपनीने टेक्सासमध्ये डॅलस ते ह्यूस्टन ड्रायव्हर नसलेला ट्रक मालासकट चालवला, हे खरं आहे. थोड्याच दिवसांत ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या सांगण्यावरून सीटवर परत एक माणूस बसवला, चालवायला नाही, नुसता बसायला. सरळ हायवे हळूहळू मशीनकडे जाईल असं मला वाटतं. गोदामाच्या अरुंद गेटातून ट्रेलर रिव्हर्स घ्यायचं काम इतक्यात कोणी हिसकावून घेत नाही, तर रिव्हर्स नीट शिका, आणि कंपनीने नवीन गाडी हातात दिली की निघायच्या आधी दोन गोष्टी विचारा, यात रिटार्डर (लायनर न वापरता गाडी अडवून धरणारा वेगळा ब्रेक) आहे की नुसता इंजिन ब्रेक, आणि मॅन्युअल मोडचं बटण कुठे आहे.