जड वजनं उचलायला सुरुवात करताय? आधी या चुका टाळा

कोल्हापुरात आता मुली ट्रेडमिल सोडून वजनाच्या प्लेटा लावायच्या लोखंडी बारकडे वळायला लागल्यात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण प्रत्येक नवीन बॅचमध्ये त्याच त्या चुका बघून जीव वरखाली होतो. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

सगळ्यात जास्त राग येतो तो लहान प्लेटा लावून जमिनीवरून केलेल्या डेडलिफ्टचा, म्हणजे खाली ठेवलेला बार धरून सरळ उभं राहायच्या व्यायामाचा. मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असतो. ती लावली की बार नडगीच्या मध्यावर येतो आणि पाठ सरळ ठेवून धरता येतो. नवीन मुलीला मात्र बाजूला पाच-पाच किलोच पुरतात, आणि बहुतेक जिममधल्या त्या प्लेटा जेवणाच्या ताटाएवढ्याच असतात. मग बार पार घोट्यापाशी जातो. तो धरायला वाकलं की कंबर गोल झालीच म्हणून समजा.

एक कॉलेजची मुलगी होती, तब्येतीनं चांगली, हौशीही तेवढीच. प्लेटांखाली काहीतरी ठेवून बार उंच कर म्हटलं तर म्हणाली, "ताई, हलकं तर आहे, उचलतो की मी!" मी दुसऱ्या मुलीचं स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारलेली बैठक, बघायला वळले. तेवढ्यात तिनं पाण्याच्या बाटलीला मोबाईल टेकवून रेकॉर्डिंग लावलं आणि बाजूला आणखी दहा-दहा किलो चढवले. दोन वेळा बार वर आला. तिसऱ्या वेळी तो गुडघ्यापर्यंत आला आणि ती तशीच वाकलेली राहिली. तिला सरळ होता येईना. बुटाची नाडी आम्ही सोडली. मोपेडवर बसवेना म्हणून रिक्षा बोलवावी लागली. नशिबानं स्नायूच ताणला गेला होता, मणक्याला काही झालं नव्हतं. पण त्यात तिचे कित्येक आठवडे गेले, आणि घरच्यांनी 'पोरींनी असलं करू नये' हे वाक्य धरून ठेवलं ते वेगळंच. ते मला जास्त लागलं.

माझी पद्धत सोपी आहे. दोन्ही बाजूंच्या प्लेटांखाली रबरी मॅट किंवा आडव्या प्लेटा रचायच्या, बार नडगीच्या मध्यावर येईपर्यंत. बार पावलाच्या मध्यावर हवा. पोटात श्वास भरायचा, हात ताठ करायचे आणि बार हळूच वर ताणायचा. बार प्लेटेच्या भोकात वरच्या बाजूला टेकला की 'टक्' असा आवाज येतो. तो ऐकल्यावरच पाय जमिनीत रोवून उठायचं. झटका मारून बार हिसकणारीला मी वजन वाढवू देत नाही, मग ती कितीही रुसो.

दुसरी चूक म्हणजे घाई. जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट बहुतेक वेळा अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना लावली की एकदम पाच किलो वाढतात. स्क्वॉटला ६० वरून ६५ वर जाणं जमू शकतं. पण खांद्यावरून डोक्यावर ढकलायच्या प्रेसमध्ये २० वरून २५ म्हणजे थेट पाव पट वाढ! तिथं मुली अडकतात आणि 'माझ्या हातात ताकदच नाही' म्हणून तो व्यायामच सोडतात. ताकद असते, चुकते ती पायरी. सव्वा किलोची आणि जमलं तर अर्ध्या किलोची जोडी स्वतःची घ्या. माझ्या बॅगेत ती कायम असते. बारचं वजनही विचारून घ्या. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेतला महिलांचा बार १५ किलोचा, पुरुषांचा २० किलोचा. जिममधला कितीचा आहे ते काट्यावर ठेवून बघितल्याशिवाय कळत नाही.

सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद भराभर वाढते, कारण मेंदू आणि नसा हालचाल शिकत असतात. स्नायू त्यानंतर भरतात, आणि स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा सगळ्यात शेवटी तयार होतात. म्हणून अंगात जोर आला तरी हात आखडता ठेवायचा. तालमीत नव्या पोराला कोणी पहिल्याच आठवड्यात खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरवत नाही. आधी जोर-बैठका, आखाडा उकरणं. हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला लागू नये. वेटलिफ्टर मीराबाई चानूचे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये क्लीन अँड जर्कचे, म्हणजे बार आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर न्यायचे, तिन्ही प्रयत्न फसले होते. टोकियोत २०२१ साली तिनं ४९ किलो गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्य आणलं. मध्ये पाच वर्षं गेली. तुम्हाला पाच आठवड्यांची घाई कशाला?

बाकीच्या चुका थोडक्यात. मऊ तळव्याचे पळायचे बूट घालून स्क्वॉट करू नका. सपाट तळव्याचे घाला. पहिल्या महिन्यात कमरेला बेल्ट नको, आधी पोट आवळायला शिका. दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं बसा, गप्पा मारल्या तरी चालतील. आणि 'पुरुषासारखी दिसेन' ही भीती सोडा. तेवढे स्नायू भरायला लागणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बाईच्या शरीरात फार थोडं असतं.

खाण्याबद्दल मात्र मी ऐकून घेत नाही. गुरुवारी उपवास, शनिवारी उपवास आणि मधल्या दिवशी जड स्क्वॉट, असं चालत नाही. वजनं उचलणाऱ्या ५५ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ८५ ते ९० ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, तेव्हा सकाळच्या चहा-पोह्यांवर काय भागणार? रविवारी पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या रिचवता, तशा मटणाच्या फोडीही खा. हिमोग्लोबिन तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांकडे जा. तोवर दम लागतोय म्हणून स्वतःला आळशी म्हणू नका.

पाळीत व्यायाम बंद करायची गरज नाही. अंग जड वाटत असेल तर त्या दिवशी वजन कमी करा.

शेवटची गोष्ट बायका मला कोपऱ्यात घेऊन सांगतात. बाळंतपणानंतर वजन उचलताना लघवीचे थेंब जातात. पॅड लावून तसंच रेटू नका. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्याचं ते बहुतेक वेळा लक्षण असतं आणि त्यावर उपचार आहेत. स्त्रियांच्या या तक्रारी बघणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा, आणि तोवर जेवढं वजन उचलून थेंब जात नाही तेवढंच उचला, उठताना श्वास सोडत.